जर, तर आणि नाहीतर

मराठीत 'जर-तर' या जोडशब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. एखादा माणूस ठाम बोलत नसेल तर आपण म्हणतो, "सोडा हो, त्याच्या सगळ्या जर-तरच्या गोष्टी!" इतिहासात जर-तरला स्थान नसते, हे वाक्य तर भाषणांतून इतक्या वेळा ऐकलेले आहे की ते कुणी प्रथम म्हटले हे विचारण्याचीही गरज वाटत नाही. पण गोमंतकातल्या माणसाने तरी जर-तरला इतके हलक्यात घेऊ नये. आपला अर्धा संसार या दोन शब्दांवर चालत आला आहे.

देवाला कौल लावणे म्हणजे दुसरे काय? मूर्तीला पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देव लांबलचक उत्तर देत नाही. तो फक्त 'होय' किंवा 'नाही' म्हणतो. म्हणून सगळे कौशल्य विचारणाऱ्याचे. 'काय करू?' असे विचारून चालत नाही. "लग्न याच वर्षी करावे का?" नाही? मग "पुढच्या वर्षी चालेल का?" होय? "मग मे महिन्याआधी का?" प्रत्येक प्रश्न आधीच्या उत्तराच्या पोटात बसलेला. ज्याला प्रश्न नीट रचता येत नाहीत तो दहा पाकळ्या लावूनही आहे तिथेच राहतो. आणि ज्याला ती हातोटी असते तो तीन-चार प्रश्नांत उत्तरापाशी पोचतो. आपल्या जुन्या गुरवांना आणि घाड्यांना ही हातोटी होती.

हे सगळे मला आठवले ते मात्र गोव्यापासून फार दूर, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, एका शाळकरी मुलीच्या लॅपटॉपसमोर बसून!

वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस बेळगाव, मिरज, पुणे, भोपाळ, झाशी करत ग्वाल्हेरला थांबते. गेल्या हिवाळ्यात त्याच गाडीने मावसबहिणीकडे गेलो होतो. ताई फोंडा तालुक्यातली. साठच्या दशकात लग्न होऊन ती ग्वाल्हेरच्या एका मराठी घरात गेली आणि तिथलीच झाली. आता ऐंशी पार केली आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण जीभ अजून फोंड्याचीच! मला बघताच "किदें रे, बरो मू?" म्हणून जी सुरुवात केली ती थांबेचना.

लष्कर हे नाव तिथे पडले कारण १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, आणि ती छावणी पुन्हा उठलीच नाही. तिचेच शहर झाले. अजूनही तिथे फिरताना 'शिंदे की छावनी', 'दाना ओली', 'महाडिक की गोठ' अशी नावे भेटतात. त्या 'ओली'तली आपली ओळ आणि 'गोठ'मधला आपला गोट मराठी कानाला लगेच कळतो. तिथल्या माणसांना तो कळतोच असे नाही. शब्द पाटीवर उरला आहे, अर्थ मात्र निघून गेला आहे.

ताईची नात आठवीत आहे. तिला शाळेत पायथन नावाची संगणकाची भाषा शिकवतात. थंडीच्या सुट्टीत एक सराव दिला होता. संगणकाने मनात १ ते १०० मधला एक आकडा धरायचा, खेळणाऱ्याने तो ओळखायचा. आकडा चुकला तर तो लहान आहे की मोठा एवढेच संगणकाने सांगायचे. खेळ अगदी साधा. आपण लहानपणी मुठीत चिंचोके धरून 'एकी की बेकी?' खेळायचो, त्याचाच शिकलेला नातू म्हणा! पण अट अशी होती की हे सगळे 'नेस्टेड इफ' वापरून करायचे. म्हणजे अटीच्या पोटात अट, तिच्या पोटात आणखी एक अट.

"आजोबा, इथेच अटकलंय सगळं," ती म्हणाली. ग्वाल्हेरची मराठी अशीच. आपले 'अडकणे' तिथे हिंदीच्या शेजाराने 'अटकणे' होते. ऐकायला गोड वाटते.

मला पायथन येत नाही. पण जर-तर येते! मी तिला म्हटले, आधी मशीनची भाषा बाजूला ठेव. घरच्या भाषेत कागदावर लिही, मग पुढचे पाहू. तिने अर्धे हिंदीत, अर्धे मराठीत लिहिले. मी ते थोडे घडवले. शेवटी कागदावर असे उतरले :

जर अंदाज १ पेक्षा लहान किंवा १०० पेक्षा मोठा असेल
    सांग : १ ते १०० मधलाच आकडा दे
नाहीतर
    जर अंदाज आणि गुपित आकडा सारखे असतील
        सांग : ओळखलंस!
    नाहीतर
        जर अंदाज गुपित आकड्यापेक्षा लहान असेल
            सांग : वर चढ
        नाहीतर
            सांग : खाली उतर

'वर चढ' आणि 'खाली उतर' हे शब्द तिचे. घराच्या गच्चीवरून किल्ला दिसतो, त्या पोरीला चढ-उतार सुचणारच. वाचकहो, या नऊ-दहा ओळी नीट बघा. प्रत्येक 'नाहीतर' आपल्या 'जर'च्या बरोबर खाली उभा आहे. ही नुसती टापटीप नाही. पायथनमध्ये समासाची हीच जागा अर्थ ठरवते. ओळ चार घरे उजवीकडे सरकली की ती आतल्या अटीची झाली, डावीकडे सरकली की बाहेरच्या अटीची.

हे किती महत्त्वाचे आहे ते आपल्याच एका वाक्यावरून पाहू. "पाऊस थांबला तर, रिक्षा मिळाली तर बाजारात जाऊ, नाहीतर उद्या जाऊ." यातला 'नाहीतर' कुणाचा? पावसाचा की रिक्षेचा? पावसाचा म्हणाल तर रिक्षा न मिळाल्यास काय करायचे ते वाक्य सांगत नाही. रिक्षेचा म्हणाल तर पाऊस न थांबल्यास काय, याबद्दल ते गप्प आहे. बोलताना आपण स्वर वर-खाली करून, थोडे थांबून ते निभावून नेतो. संगणकाला स्वर कळत नाही. १९६० च्या अल्गोल या भाषेपासून संगणकाच्या मंडळींना या लोंबकळत्या 'नाहीतर'ने छळले आहे. सी भाषेने नियम केला की 'नाहीतर' हा सर्वांत जवळच्या मोकळ्या 'जर'चा. पायथनने ते काम समासाकडे सोपवले. घरातला कर्ता माणूस बोलताना जे सहज करतो तेच काम मशीनसाठी नियमात बांधावे लागते, एवढाच याचा अर्थ.

तासाभरात खेळ चालू झाला. आता खेळायला कुणी तरी हवे. ताई शेजारी शाल पांघरून मुरैन्याची गजक चघळत बसली होती. नातीने तिला ओढले. "आजी, तू खेळ. तू फक्त बोल, मी टाइप करते."

"पन्नास," ताई म्हणाली.

खाली उतर.

"पंचवीस."

वर चढ.

ताईने क्षणभर डोळे मिटले. "सदतीस."

इथे नातीचा हात थांबला. "आजी, सदतीस म्हणजे कितना? सैंतीस?"

"सैंतीस नव्हे गं, सदतीस!" ताई म्हणाली. मग लक्षात आले की दोन्ही एकच. नातीने ३७ दाबले. वर चढ. "त्रेचाळीस," ताई म्हणाली, आणि पुन्हा तेच. तिच्या डोक्यात 'तैंतालीस' होते, 'फॉर्टी थ्री' होते, त्रेचाळीस नव्हते. ४३ वर उत्तर आले, खाली उतर. मग ताई चाळीस म्हणाली, मग एकेचाळीस. दोन्ही वेळा वर चढ. "मग राहिला काय? बेचाळीस!" आणि संगणकाने सांगितले, ओळखलंस!

सात प्रश्नांत आकडा सापडला. नातीला वाटले आजीने जादू केली. पण यात नशीब नाही, हिशोब आहे. दर वेळी उरलेल्या आकड्यांतला मधला विचारला की निम्मे आकडे बाद होतात. एका प्रश्नात एक आकडा नक्की सापडतो, दोन प्रश्नांत तीनपैकी कुठलाही, तीन प्रश्नांत सातपैकी, चारात पंधरापैकी. असे दुप्पट आणि एक करत गेले की सहा प्रश्नांत ६३ होतात आणि सातात १२७. म्हणून शंभरातला कुठलाही आकडा सात प्रश्नांत हाती लागलाच पाहिजे. हजारातला आकडा दहा प्रश्नांत सापडतो, कारण दहा प्रश्नांत १०२३ पर्यंत पोचता येते. संगणकवाले याला बायनरी सर्च म्हणतात आणि महाविद्यालयात शिकवतात.

मी ताईला विचारले, "हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? निम्मं करत जायचं. पंचवीस आणि पन्नास यांच्यात अंतर पंचवीसचं. पंचविसाचं निम्मं साडेबारा. पंचवीस नि साडेबारा साडेसदतीस. अर्धा सोडला, सदतीस म्हटलं. निमकी पाठ आहे माझी, रे!"

निमकी! कितीतरी वर्षांनी हा शब्द ऐकला. ताई पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या एका खाजगी मराठी शाळेत शिकली. त्या काळी सरकारी शिक्षण पोर्तुगीजमध्ये होते आणि मराठी शाळा लोक आपल्या बळावर चालवत, कुठे कुणाच्या पडवीत तर कुठे देवळाच्या आवारात. तिथे पाढे म्हणजे नुसते दोन ते तीस नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, सगळे तोंडपाठ. बाजारात सव्वापाच आण्यांच्या हिशोबाला तेच उपयोगी पडे. दशमान पद्धत आली, मग कॅल्क्युलेटर आला आणि हे पाढे गेले. त्यांची जागा दुसऱ्या सोयींनी घेतली, त्याबद्दल तक्रार नाही. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीची निमकी संगणकाच्या खेळात सात चालींत जिंकू शकते, हे त्या संध्याकाळी मी डोळ्यांनी पाहिले.

आकड्यांच्या मराठी नावांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची सोपी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला! मुलांना त्रेचाळीस आणि चौतीस यांतला उलटा क्रम कठीण जातो, हे त्यामागचे कारण खोटे नव्हते. पण तो वाद निदान शाळेत मराठी असलेल्या मुलांबद्दल होता. ग्वाल्हेरच्या या मुलीला शाळेत मराठी नाहीच. तिला त्रेचाळीस कोण सांगणार? जे सांगायचे ते शालीत बसलेल्या आजीनेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्यावर गेलो. पूर्वेकडच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. एकाच खडकातून कोरलेले, आपल्या एखाद्या घुमटीएवढे. वर जाणारी बरीच माणसे त्याच्याकडे न बघता पुढे जातात. पण त्यातल्या विक्रम संवत ९३३ च्या, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात शून्य आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, आणि देवाला रोज ५० माळा मिळाव्यात, अशी ती नोंद. त्या २७० आणि ५० मधली शून्ये आजच्यासारखीच वाटोळी आहेत, फक्त इतर अंकांहून लहान. कंबोडियात ६८३ सालच्या लेखात शून्यासाठी बिंदू सापडतो, तेव्हा 'जगातले पहिले शून्य' अशी फुशारकी मारायचे कारण नाही. पण भारतात ज्याच्या काळाबद्दल शंका नाही असा हा शून्याचा फार जुना पुरावा.

नात म्हणाली, "पन्नास! आजीचा पहिला नंबर!" खरेच की. शून्य नसते तर ते पन्नास आणि पाच यांत फरक कसा करणार? मला गंमत वाटली ती वेगळीच. हा लेख कुणा गणित्याने गणित शिकवायला कोरलेला नाही. देवाच्या फुलांचा हिशोब आहे तो. शून्य तोवर इतके अंगवळणी पडले होते की माळ्याच्या हिशोबातही ते सहज येऊन बसले. ज्ञान टिकते ते असे, रोजच्या कामात मिसळून.

आणि हरवते कसे, तेही त्याच किल्ल्यावर कळते. शिंद्यांचा गंगाजळी नावाचा खजिना किल्ल्याच्या तळघरांत होता. दुष्काळ, युद्ध अशा अडचणीच्या वेळेसाठी राखलेला. त्याच्या वाटेची खूण, म्हणजे 'बीजक', फक्त गादीवरच्या महाराजांना ठाऊक असे आणि ती त्यांनी वारसाला सांगायची असे, अशी हकीकत सांगतात. १८५८ नंतर किल्ला इंग्रजांकडे गेला होता. तो १८८६ मध्ये शिंद्यांना परत मिळाला आणि त्याच वर्षी जयाजीराव वारले. वारस माधवराव तेव्हा अवघे नऊ-दहा वर्षांचे. बीजक सांगायचे राहूनच गेले म्हणतात. पुढे काही तळघरे सापडल्याच्या कथा आहेत. त्या ऐकताना मला खजिन्यापेक्षा त्या पोरक्या मुलाचे वाईट वाटते. घर त्याचे, भिंती त्याच्या, आणि कुठे हात घालायचा ते सांगणारे कुणी नाही.

घरी परतल्यावर नातीने खेळात भर घातली. अंदाज आणि गुपित यांतले अंतर पाच किंवा त्याहून कमी असेल तर संगणकाने 'अगदी जवळ!' असेही म्हणावे. तिने ती अट लिहिली, खेळून पाहिली, तर कधी 'जवळ' येई, कधी येईना. ती रडकुंडीला आली. फोनवर एआयला विचारावे असे तिच्या मनात आले. मी म्हटले, विचार, पण आधी एकदा आपण सगळ्या वाटा चालून बघू.

किती वाटा? आकडा हद्दीबाहेर, ही एक. बरोबर, ही दुसरी. लहान आणि जवळ, लहान आणि दूर, मोठा आणि जवळ, मोठा आणि दूर, या चार. एकूण सहा. तेव्हा निदान सहा अंदाज देऊन बघायलाच हवेत. गुपित आकडा मुद्दाम ६० ठेवला आणि एकेक दिला : १५०, ६०, ५८, १०, ६३, ९०. ६३ ला 'अगदी जवळ' आले, ५८ ला आले नाही. कारण सापडले! 'जवळ'ची अट तिने शेवटच्या 'नाहीतर'च्या पोटात लिहिली होती. त्यामुळे वरून येणाऱ्याला ती भेटे, खालून चढणाऱ्याला ती कधी भेटतच नसे. अट खरी होती, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट एकाच बाजूने होती. तीच अट 'वर चढ'च्या खालीही लिहिली आणि सहाही वाटा मोकळ्या झाल्या.

परदेशांत, परप्रांतांत राहिलेल्या मराठी घरांबद्दल आपण नेहमी एकच प्रश्न विचारतो, "मुलांना मराठी येते का?" होय की नाही. हा प्रश्न कौलासारखा आहे, पण फार वरचा आहे. उत्तर 'नाही' आले की आपण उसासा टाकून उठतो. त्याच्या पोटातले प्रश्न विचारायचे राहतात. बोलता येत नसेल तर समजते का? समजत असेल तर आकडे येतात का? आकडे येत नसतील तर घरात ते म्हणणारे कुणी आहे का? आणि असेल, तर त्या माणसाजवळ मुलाने रोज पाव तास बसावे असे काही कारण आहे का? ग्वाल्हेरच्या त्या घरात कारण मिळाले, ते एका शाळेच्या गृहपाठातून. मी निघेपर्यंत नातीने खेळात आणखी एक बदल केला होता. आता अंदाज आकड्यात न घेता संगणक तो मराठी अक्षरांत मागतो. 'एकोणपन्नास' नीट लिहिले तरच पुढे जाता येते. शंभर नावांची यादी ताईने सांगितली, नातीने उतरवली. एकोणसाठ, एकोणसत्तर करताना तिच्या ध्यानात आले की 'एकोण' म्हणजे एक उणा. "म्हणजे यात मायनस लपलाय, आजी!" असे म्हणून ती केवढ्याने हसली.

यंदा मे महिन्यात आपल्याकडेही नातवंडे येतील. मुंबईहून, बंगळूरहून, लंडनहून. त्यांच्याकडे लॅपटॉप असेल, वेळ असेल, आणि तिसऱ्या दिवसापासून कंटाळाही असेल. त्यांना हा खेळ करायला सांगा. अटी मराठीत कागदावर लिहून घ्या. आणि खेळायला घरातले सर्वांत म्हातारे माणूस बसवा. पहिला अंदाज पन्नासच येतो का, ते मला जरूर कळवा.